बाबांचं पेनमधलं इन्सुलिन मिळेनासं झालंय, काय करावं?

दहिसर_लोकल | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, तोही गरजेपोटी. चुकल्यास सांभाळून घ्या.

बाबा, वय ७४. शुगर वीसेक वर्षांची, त्यातली गेली नऊ वर्षं इन्सुलिनवर. ३०/७० वालं (३० टक्के झटपट आणि ७० टक्के उशिरापर्यंत चालणारं, असं मिश्रण), पेनमध्ये घालायची रिफिल. सकाळी १६ युनिट, रात्री १०. महिन्याला तीन रिफिल लागतात. इतकी वर्षं कोपऱ्यावरचा मेडिकलवाला स्वतःच बाजूला काढून ठेवायचा, त्यामुळे कधी विचारच करावा लागला नाही. मार्चपासून तो 'पुढच्या आठवड्यात येईल' म्हणतोय. एप्रिलमध्ये बोरिवलीत दोन मिळाल्या. आज दहिसर पूर्व-पश्चिम, बोरिवली स्टेशनबाहेरची दुकानं, मग कांदिवलीपर्यंत गेलो. आठ दुकानं झाली. सात ठिकाणी 'नाही' आणि आठव्या ठिकाणी 'साहेब, ते कंपनीने बंदच केलंय'.

घरी सहा दिवस पुरेल एवढं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आईला कळलंय, ती उद्यापासून त्यांचा भात बंद करणार म्हणते, म्हणजे इन्सुलिन कमी लागेल. डॉक्टर गावी गेलेत, शुक्रवारी येतील. तोवर काय करू? कुणाच्या ओळखीत कुठे शिल्लक असेल तर सांगा, मुंबईत कुठेही जाईन.


उगाच_एक | सोमवार, रात्री ११:५५

मे महिना, घरात आंबे आणि काकूंनी भात बंद केला? काकांना माझी सहानुभूती कळवा.

(मदत येईलच. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.)


मेडिकलवाला | मंगळवार, सकाळी ७:१०

दुकान उघडायच्या आधी लिहितोय. माझं स्वतःचं मेडिकल आहे, पश्चिम उपनगरात. कुठे ते सांगत नाही, नाहीतर इथे रांग लागेल आणि माझ्याकडेही ती रिफिल नाही.

तुमच्या आठव्या दुकानदाराने निम्मं खरं सांगितलं. बंद झाली आहे ती एका कंपनीची रिफिल. ३०/७० मानवी इन्सुलिन हे औषध बंद झालेलं नाही. तुम्ही आठ दुकानांत बहुतेक ब्रँडचं नाव घेऊन विचारलं असणार. तसं विचारलं की काउंटरवरचा पोऱ्या 'नाही' म्हणून मोकळा होतो. चिठ्ठी दाखवून असं विचारा: "ह्यूमन इन्सुलिन ३०/७०, कुठल्याही कंपनीचं, काय आहे?" बघा, उत्तर बदलेल.

तेच इन्सुलिन १० मिलीच्या कुपीत मिळतं, बऱ्याच कंपन्यांचं. युनिटमागे स्वस्तही पडतं. आणि भारतीय कंपन्यांच्या रिफिलही आहेत. पण कंपनी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच, मी मेडिकलवाला आहे, डॉक्टर नाही.

भात एकदम बंद करू नका. बाबा नेहमीचं इन्सुलिन घेणार आणि भात नाही खाणार तर शुगर खाली येईल, मग रात्री बारा वाजता साखर-पाणी करत बसाल.


लोहारचाळ | मंगळवार, सकाळी १०:२०

मेडिकलवाले काकांना +१. मी प्रिन्सेस स्ट्रीटला एका स्टॉकिस्टकडे कामाला आहे. इथे दवा बाजारात रोज तुमच्यासारखे दहा जण येतात, बॅगेत रिकामी रिफिल घेऊन. काही जण विरारहून, एकदा तर पेणहून एक आजोबा आले होते.

हे फक्त आपल्याकडे झालंय असं नाही. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांत मानवी इन्सुलिनची पेनं अशीच संपली, पुरवणाऱ्या कंपनीने पुन्हा करार केला नाही म्हणून. तिथल्या रुग्णांना पेनावरून परत कुपी-सिरिंजवर आणावं लागलं. जगातला इन्सुलिनचा बहुतेक धंदा नोव्हो नॉर्डिस्क, इलाय लिली आणि सॅनोफी या तिघांच्या हातात आहे. तिघांपैकी एकाने एक डबी कपाटातून काढली की दहिसरमध्ये हाक ऐकू येते.

आपलं नशीब एवढंच की इथे बनवणारे आहेत. वोक्हार्टने २००३ मध्ये भारतात मानवी इन्सुलिन आणलं, बायोकॉनने २००४ मध्ये. तेव्हा लोक नाकं मुरडायचे, 'देशी इन्सुलिन चालेल का' म्हणून. आज तेच लोक माझ्या काउंटरवर त्याच पेट्या मागतात.

दुसरं, फ्रिजचा माल छोटा दुकानदार जास्त ठेवत नाही. खपला नाही तर नुकसान त्याचंच. म्हणून एका गल्लीत शॉर्टेज आणि पुढच्या गल्लीत आहे, असं होतं. सगळ्यालाच टंचाई म्हणू नका.


कडुनिंब | मंगळवार, दुपारी १:०५

इतके इंजेक्शनच्या मागे का लागता? आमच्या शेजाऱ्यांची शुगर ३०० होती. रोज सकाळी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि गुडमार. तीन महिन्यांत नॉर्मल. ही टंचाई म्हणजे निसर्गाकडे परत जाण्याची संधी आहे.


मुलुंडची_आई | मंगळवार, दुपारी १:३०

कडुनिंब, नाव चांगलं घेतलंय. पण मला हे वाचून हात थरथरायला लागले, म्हणून जरा लांब लिहिते.

माझा मुलगा टाइप १ आहे. सहा वर्षांचा असताना निदान झालं, आता पंधरा. निदानानंतर दोन महिन्यांनी घरातल्याच एका ज्येष्ठांनी आम्हाला एका 'वैद्यांकडे' पाठवलं. औषध सुरू करा, सुया हळूहळू बंद करा, असं सांगितलं गेलं. मला नको होतं. पण नवीन आई, पहिलंच मूल, सगळं घर एका बाजूला. आम्ही इन्सुलिन निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी रात्रभर तो पाणी पीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या, पोट दुखतंय म्हणून रडणं, आणि मग तो श्वास. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. खोल, भरभर, पळून आल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा अर्धवट शुद्धीत होता. पाच दिवस आयसीयूत काढले.

टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. कारलं कुठल्या गोष्टीला मदत करणार? १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच्या आधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच उपचार होता.

दहिसर, तुमचे बाबा टाइप २ दिसतात. त्यांची गोष्ट वेगळी असेल, पण नऊ वर्षं इन्सुलिनवर असलेल्या माणसाचंही ते असं परस्पर कमी करू नका.


मेडिकलवाला | मंगळवार, दुपारी १:४५

मुलुंडताई, नमस्कार तुम्हाला.

आणि कडुनिंब, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी लोकलच्या डब्यात त्याच जाहिराती चिकटवलेल्या दिसतात, ते सोडा.


कडुनिंब | मंगळवार, दुपारी २:१५

मी जाहिरात करत नव्हतो. शेजाऱ्यांच्या गोळ्याही चालू होत्या, हे लिहायचं राहिलं. ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा प्रतिसाद उडवला तरी चालेल.


संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी ३:००

प्रतिसाद उडवत नाही, उत्तरासकट राहू दे. इथला सल्ला हा अनुभव आहे, औषधाची मात्रा इथे विचारू अगर सांगू नये.


दहिसर_लोकल | मंगळवार, संध्याकाळी ७:४८

सगळ्यांचे आभार. आनंदाची बातमी! ठाण्याच्या मामेभावाला दुसऱ्या कंपनीची ३०/७० ची रिफिल मिळाली, दोन घेऊन आला दुपारच्या लोकलने. मेडिकलवाले काका म्हणाले तसंच, दुसऱ्या कंपनीची.

फक्त ती बाबांच्या पेनात बसत नाही. थोडी जाड आहे की काय कळत नाही, मागचा दांडा धरतच नाही. मग खालून सिरिंज आणली, लाल टोपीची, मेडिकलवाल्याने तीच दिली. आता रिफिलच्या रबरातून सिरिंजने १० पर्यंत ओढायचं आणि द्यायचं, बरोबर ना? जुनं पेनमधलं तसंच शिल्लक ठेवतो अडीअडचणीला. साडेआठला जेवतात, म्हणजे आता आठला द्यायचंय.


रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:५३

थांबा. देऊ नका.

लाल टोपीची सिरिंज ४० ची आहे. रिफिल १०० ची आहे. त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत रिफिलमधलं ओढलंत तर बाबांना १० नाही, २५ युनिट जातील. रात्री. ७४ व्या वर्षी.

जुन्या पेनमधलं नेहमीसारखं द्या. वाचलंत की लगेच लिहा.


निवृत्त_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ७:५६

दहिसर, बाळा, देऊ नकोस. फोन बघ.


मुलुंडची_आई | मंगळवार, रात्री ८:१०

कुणाकडे यांचा नंबर आहे का? संपादक?


संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ८:१४

नोंदणीच्या ईमेलवर कळवलंय.


उगाच_एक | मंगळवार, रात्री ८:२५

कुणीतरी काहीतरी लिहा रे.


दहिसर_लोकल | मंगळवार, रात्री ८:४१

वाचलं. दिलं नाही. दिलं नाही.

सिरिंज भरून ताटाशेजारी ठेवली होती. आईचा गॅस संपला, दुसरा सिलिंडर लावेपर्यंत कुकर बसला नव्हता. ती म्हणाली, वरण होऊ दे, मग टोच, मागच्या वेळी टोचून बसले आणि जेवण उशिरा झालं तर घाम फुटला होता त्यांना. म्हणून थांबलो होतो. फोन चार्जिंगला होता.

आता जुन्या पेनने १० दिलं. माझे हातपाय अजून गार आहेत. हे नक्की काय होतं ते कुणी नीट समजावेल का? दहा म्हणजे दहा ना?


रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:२०

वॉर्डमधून पळत लिहितोय, पालिकेच्या रुग्णालयात रेसिडेंट आहे. दहा म्हणजे दहा, पण 'कशातलं' दहा हा प्रश्न आहे.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं. पातळ सरबत समजा. रिफिलमधलं १०० युनिट प्रति मिली, म्हणजे दाट सरबत. ४० ची सिरिंज पातळ सरबतासाठी आखलेली आहे, तिच्या १० च्या रेघेवर पाव मिली येतं. पाव मिली पातळमध्ये १० युनिट, पाव मिली दाटमध्ये २५. उलटी चूकही होते: १०० ची नारिंगी टोपीची सिरिंज घेऊन ४० च्या कुपीतून १० ओढलं तर चारच युनिट जातात, मग शुगर चढते आणि लोक म्हणतात 'हे देशी इन्सुलिन लागू पडत नाही'.

म्हणून ४० ची कुपी, लाल टोपी. १०० ची कुपी, नारिंगी टोपी. कुपीवर आणि सिरिंजवर, दोन्हीकडे आकडा छापलेला असतो, तो वाचायचाच. आणि रिफिलमधून सिरिंजने ओढायचंच नाही, कुठल्याही टोपीच्या. तिच्यात हवा जाते आणि मग पेनमध्येही माप चुकतं.

टंचाईच्या दिवसांत आमच्याकडे इन्सुलिन न मिळाल्यामुळे येणारे जितके असतात, त्यांच्या बरोबरीने अशी अदलाबदल करून शुगर पडून येणारे असतात. पहाटे चार-पाचला आणतात, 'उठतच नाहीत' म्हणून.


निवृत्त_सिस्टर | मंगळवार, रात्री ९:५०

मी ३१ वर्षं वॉर्डात काढली. काचेची सिरिंज उकळून, सुई घासून वापरायचो, प्राण्यांपासून काढलेलं इन्सुलिन होतं तेव्हा. ही रंगांची भानगड तेव्हाही होती, फक्त पेन नव्हतं.

दहिसर, आज रात्री दोनला एकदा ग्लुकोमीटरने बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. जुन्याच पेनने दिलंयस, काही होणार नाही, पण तुला झोप लागणार नाहीच, तर बघून घे.


दहिसर_लोकल | बुधवार, पहाटे २:१२

१३४. झोपलोय आम्ही.


न्यूजर्सीकर | बुधवार, सकाळी ६:३०

इथून धागा रात्रभर वाचत होतो (आमची संध्याकाळ). बाबा बरे आहेत वाचून बरं वाटलं. इथे अमेरिकेत लोकांनी इन्सुलिन परवडत नाही म्हणून डोस निम्मे केल्याच्या गोष्टी कमी नाहीत. २०२३ पासून मेडिकेअरच्या (इथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) वृद्धांना महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. ज्यांनी इन्सुलिन शोधलं त्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला विकलं होतं.


उगाच_एक | बुधवार, सकाळी ९:१५

मग घरी नाही का करता येत? यूट्यूबवर सगळंच असतं.


लोहारचाळ | बुधवार, सकाळी ९:४०

एका बाईंनी केलं होतं खरं. एव्हा सॅक्सल, प्रागच्या, दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये अडकलेल्या. स्वतः टाइप १. जपान्यांनी शहर ताब्यात घेतल्यावर इन्सुलिन मिळेना, तेव्हा नवरा-बायकोने वैद्यकाच्या पुस्तकातून पद्धत वाचून म्हशीच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढलं, आधी सशांवर तपासलं, मग स्वतःला टोचून घेतलं. आणखी कित्येक रुग्ण जगवले. पण ते युद्ध होतं, आणि त्यांना एक प्रयोगशाळा वापरायला मिळाली होती. तुझ्याकडे मिक्सर आहे.


उगाच_एक | बुधवार, सकाळी ९:४४

समजलं. मिक्सर ठेवतो.


सायनची_सून | बुधवार, सकाळी ११:३०

प्रश्न: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन, वजन कमी करणारं, ते इन्सुलिनऐवजी नाही का चालत? सासूबाईंच्या भिशीत सगळ्या त्याच्याबद्दलच बोलतात. आणि श्वासातून ओढायचं इन्सुलिन आलंय म्हणे?


रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:४५

ती आठवड्याची इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड वगैरे, इन्सुलिन नाहीत. टाइप २ मध्ये डॉक्टर कधी कधी त्यांच्या जोडीने इन्सुलिन कमी करू शकतात, काही जणांचं सुटतंही. पण टंचाई आहे म्हणून आज हे बंद, उद्यापासून ते, असं करायचं नाही. टाइप १ ला तर प्रश्नच येत नाही.

ओढायच्या इन्सुलिनला डिसेंबर २०२४ मध्ये सिप्लाला आपल्याकडे परवानगी मिळाली. ते जेवणापुरतं झटपट इन्सुलिन आहे, दिवसभराच्या लांब इन्सुलिनची जागा घेत नाही. दमा असलेल्यांना आणि विडी-सिगारेटवाल्यांना तर नाहीच.


मुलुंडची_आई | बुधवार, दुपारी २:००

माझाही एक अनुभव, कारण टंचाई मला नवीन नाही. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा मुलाचं जेवणाआधीचं इन्सुलिन मुलुंडमध्ये संपलं. दिवसभर चालणारं लांबवालं होतं, झटपट नव्हतं. मी रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, साधं मानवी रेग्युलर मिळतंय का बघा. ते मिळालं, कुपीत. पण झटपट टोचून लगेच जेवता येतं, रेग्युलर टोचल्यावर अर्धा तास थांबावं लागतं, आणि ते उशिरापर्यंत काम करत राहतं. त्यांनी मात्रा सांगितली, मी चार दिवस दर तीन तासांनी बोट टोचून बघितलं. स्वयंपाकघरात फळ्यावर वेळा लिहून ठेवल्या होत्या. शेजारच्यांना वाटलं मी लॉकडाउनमध्ये शिकवण्या सुरू केल्या.

तेव्हापासून घरात एक महिन्याचं जास्तीचं ठेवते. साठेबाजी नाही, एक महिनाच. आणि हे टाइप १ वाल्यांसाठी: जेवणाचं एखादं चुकलं तर सावरता येतं, पण लांबवालं कधीच शून्य करायचं नाही. अगदीच संपलं तर दुकानं फिरत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.


दहिसर_लोकल | बुधवार, संध्याकाळी ६:२०

एक शंका. मामेभाऊ ती रिफिल ठाण्याहून पँटच्या खिशात घेऊन आला. मे महिना, दुपारचे दोन, सेकंड क्लास, दादरला गाडी बदलून. खराब झाली असेल का?


मुलुंडची_आई | बुधवार, संध्याकाळी ६:४५

तासा-दोन तासांत खराब होत नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण वापरात असलेलं बाहेर चार आठवडे चालतं, ऊन आणि ओट्याजवळची उष्णता टाळून. २०२१ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे इन्सुलिन टिकतं असं दाखवलं होतं. आमच्या गावी वीज जाते तेव्हा मी मडक्यात मडकं ठेवते, मधे ओली वाळू. आजीच्या काळी दूध तसंच ठेवायचे.

खराब करणारं उलटंच असतं: घाबरून फ्रीझरमध्ये ठेवणं. गोठलेलं इन्सुलिन संपलं. वितळलं तरी वापरायचं नाही. फ्रिजच्या दारात ठेव. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही.


निवृत्त_सिस्टर | बुधवार, संध्याकाळी ७:०५

आणि ३०/७० गढूळच असतं, घाबरू नको. तळहातांत हलकं फिरवल्यावर दुधासारखं एकजीव झालं पाहिजे. गाठी राहिल्या किंवा काचेला पांढरं चिकटलं तर टाकून दे. सरबतासारखं हलवायचं नाही.


लोहारचाळ | गुरुवार, सकाळी १०:३०

एक सांगायचं राहिलं. इन्सुलिन व्हॉट्सअॅपवर 'मिळेल, घरपोच' म्हणून येतंय. बिल देत नसेल, बॅच नंबर दाखवत नसेल, तर घेऊ नका. स्कूटरच्या डिकीत दिवसभर फिरलेल्या मालाला कोण जबाबदार?

आणि दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल किंवा औषध सलग मिळतच नसेल, तर तक्रार करता येते. बीकेसीत एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) कार्यालय आहे, शिवाय केंद्राचं 'फार्मा जन समाधान' आहे, त्यात 'उपलब्ध नाही' अशीही तक्रार घेतात. 'फार्मा सही दाम' वर किंमत बघता येते. मानवी इन्सुलिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. २०२२ च्या यादीत ग्लार्जिन हे लांबवालं इन्सुलिनही आलं. यादीत असून काउंटरवर नसेल तर कुणीतरी लिहून दिलं पाहिजे ना. आपण फक्त मेडिकलवाल्याशी भांडतो.


मेडिकलवाला | गुरुवार, सकाळी १०:५०

शेवटच्या वाक्याला माझे दोनशे +१.


दहिसर_लोकल | शनिवार, रात्री १०:१५

काल डॉक्टर आले. तुमचा अख्खा धागा त्यांना दाखवला, त्यांनी चष्मा काढून वाचला. सिरिंजचा भाग वाचताना काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत होते.

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. आधी म्हणाले, कुपीवर जा, स्वस्त, कुठेही मिळेल. तिथेच बाबांच्या हातात सिरिंज दिली आणि विचारलं, १६ ची रेघ कुठे? बाबांनी ती बराच वेळ उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "मी टिक मोजतो."

हे मला माहीतच नव्हतं. नऊ वर्षं मी समजत होतो की ते पेनवरचा आकडा बघतात. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून तसाच. ते आकडा बघतच नाहीत, पेन कानाशी धरतात आणि युनिट लावताना प्रत्येक युनिटला होणारी टिक टिक मोजतात. सोळा सकाळी, दहा रात्री. आईलाही माहीत नव्हतं. गॅलरीत जाऊन का टोचून घेतात याचं उत्तर नऊ वर्षांनी मिळालं: घरात टीव्ही चालू असतो, टिक ऐकू येत नाही.

मग डॉक्टरांनीच कुपी बाजूला ठेवली. ठाण्याहून आलेल्या कंपनीचीच ३०/७० ची रिफिल, आणि त्याच कंपनीचं पेन, कारण एका कंपनीची रिफिल दुसऱ्याच्या पेनात चालवायची नसते. युनिट तेच ठेवले, पण दहा दिवस चार वेळा शुगर बघून वहीत लिहायची. रिफिलचा खिशातला प्रवास ऐकून हसले, चालेल म्हणाले. एक कुपी आणि लाल टोपीच्या सिरिंज आणीबाणीला घरात ठेवायच्या, पण त्या भरायच्या मी किंवा बायकोने. सिस्टरबाई, मला भरायला शिकवलं त्यांच्या कंपाउंडरने: आधी तेवढीच हवा ओढून कुपीत सोडायची, मग उलटी करून भरायचं, बुडबुडे काढायचे. पाण्यावर वीसेक वेळा सराव केला. नारिंगी टोपीची एकही घरात ठेवायची नाही, असं बायकोने फर्मान काढलंय.

आईचा भातबंदी प्रयोगही डॉक्टरांनी रद्द केला. एक वाटी भात आणि आठवड्यातून दोनदा अर्धी फोड आंबा. उगाच_एक, तुझी सहानुभूती पोचवली.


उगाच_एक | शनिवार, रात्री १०:२२

अर्धी फोड! कोयीचं काय ठरलं?


दहिसर_लोकल | शनिवार, रात्री १०:३१

कोय मला.


निवृत्त_सिस्टर | शनिवार, रात्री १०:४०

टिक मोजणारे मी बरेच पाहिलेत, सांगत नाहीत कुणाला. नवीन पेनची टिक त्यांना ऐकू येते का ते बघ. दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का तेही बघायचं. आणि दुसऱ्या डोळ्याचं लांबवू नका.


दहिसर_लोकल | रविवार, दुपारी १२:५०

विचारलं. म्हणाले, जुन्यापेक्षा बारीक आहे आवाज, पण येतो. आजपासून टोचताना टीव्ही बंद. त्यामुळे आईची पुनर्प्रक्षेपित मालिका अर्ध्यात जाते, त्यावर वेगळा वाद सुरू आहे. डोळ्याची तारीख जूनची घेतली.

सकाळची शुगर १४६, काल १५८.


ठाणे_पश्चिम | रविवार, दुपारी ३:०५

धागा आत्ता वाचला. आमच्या आजोबांचं सेम टु सेम, तीच रिफिल बंद झाली. ते नवीन पेन कुठे मिळालं? ठाण्यात रिफिल आहे पण पेन नाही.


दहिसर_लोकल | रविवार, दुपारी ३:२०

रिफिल घेतली त्या दुकानात नव्हतं. बोरिवलीत तिसऱ्या दुकानात मिळालं, शेवटचं होतं, पण त्याने सोमवारी आणखी येतील म्हटलंय. बिलाचा फोटो आणि दुकानाचा पत्ता व्यनित (खासगी निरोपात) पाठवतो. आजोबांना विचारा, आकडा बघतात की टिक मोजतात.